दारं-खिडक्या धाकट्याकडे

सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने संध्याकाळी फरशीवर मांडी घालून प्लास्टिकच्या विटांची घरं बांधत बसावं, ही गोष्ट आमच्या सातपूरच्या कॉलनीला पचणारी नव्हती. ब्याण्णव-त्र्याण्णवचे दिवस. कारखान्यातून सुटलेल्या माणसाने काय करायचं हे ठरून गेलेलं होतं. चहा, बातम्या, मग कोपऱ्यावर उभं राहून युनियन आणि मॅनेजमेंट दोघांनाही सारख्याच शिव्या, मग जेवण. फार तर कुणी कुंडीत गुलाब लावी. तेवढं चालायचं. पण खेळणी? आणि तीही घरातल्या पोरांची नाहीत, स्वतःची? लोकांनी बोरस्ते अण्णांचं नाव ‘बिल्डर’ ठेवलं. खरं सांगायचं तर ते नाव आधी मीच ठेवलं होतं.

शांताराम बोरस्ते आमच्या पंपाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते आणि मी त्यांच्या हाताखाली. उंच, वाळके, कानांवर केसांचे झुबके. शर्टाला दोन खिसे शिवून घेत. एका खिशात चष्मा, दुसऱ्यात सहा इंची स्टीलची पट्टी. ही पट्टी लग्नकार्यातही त्यांच्या खिशात असे. दुसरी एक सवय होती. हाताला येईल त्या वस्तूच्या कडेवरून ते अंगठ्याचं नख फिरवत. ताट, खुर्ची, फाटक, पत्रिका, काहीही. धातूच्या कडेला राहिलेली बारीक कूस त्यांच्या नखाला लगेच लागायची. माझ्या मुलीच्या बारशाला ते आले, तेव्हा सगळे मुलगी बघत होते आणि हे पाळण्याच्या दांडीवरून नख फिरवत होते. मला रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते कानस घेऊन दारात हजर. “पोरीच्या हाताला लागेल,” म्हणाले, आणि दहा मिनिटं कानस मारून चहासुद्धा न घेता गेले. प्रेम करायची त्यांना ही एवढी एकच रीत येत होती. ती समोरच्याला कळो न कळो, त्यांच्या बाजूने काम झालेलं असे.

बोलणं मोजकं. “बसलं वेगळं आणि बसवलं वेगळं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा त्यांनी पंपाच्या झाकणांची अख्खी ट्रॉली लाल खडूने फुल्या मारून परत पाठवली. प्रॉडक्शनचे साहेब तरातरा आले. “बोरस्ते, ही झाकणं बसतात!” अण्णांनी एक झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी दाबलं, जरा ठोकलं, बसलं. “बघा!” अण्णा शांतपणे म्हणाले, “साहेब, हे तुम्ही बसवलं. ते बसलेलं नाही.” ट्रॉली परत गेली. मला ते सारखं शिकवत, की मोठा पार्ट जागेवर राहतो आणि छोटा पार्ट त्याच्याकडे न्यायचा असतो. पंपाची बॉडी उचलून झाकणाकडे कुणी नेत नाही. कारखान्यापुरती ही गोष्ट इतकी साधी होती की मी ती ऐकून सोडून दिली. पण अण्णा कारखान्यात शिकलेलं काही कारखान्यात सोडून येत नसत, हीच तर त्यांची अडचण होती.

त्या विटा सापडल्या दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरून बोरस्ते वहिनींनी एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली फेकला आणि झाकण उघडून घरभर लाल-पांढऱ्या विटा उधळल्या. बोटाच्या पेराएवढ्या, वर बारीक गुंड्या, एकीत एक अडकणाऱ्या. अण्णांचे मामा मुंबईला गोदीत कारकून होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तिथला एक गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा आपल्या पोरांचा हा खेळ मामांना देऊन गेला. मामांनी तो दिंडोरीकडे भाच्यांना आणून दिला. अख्ख्या गावात तसली वस्तू नव्हती. गाव त्याला ‘इटांचा डबा’ म्हणायचं.

वहिनी सांगत, की विटा उधळल्या तशा अण्णा त्या गोळा करायला खाली बसले ते दिवेलागणीपर्यंत उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी फराळाचं द्यायला गेलो, तर आमचे कडक इन्स्पेक्टर साहेब बनियनवर फरशीवर बसलेले, चष्मा कपाळावर, आणि समोर एक दुमजली घर उभं. प्रत्येक वीट त्यांनी साबणाच्या पाण्यात धुऊन पुसली होती. सैल बसणाऱ्या विटांचा एक ढीग, घट्ट बसणाऱ्यांचा दुसरा. सैल विटा खाली, जिथे वजन येतं तिथे. घट्ट विटा वरच्या थरात. मला बघून त्यांनी ना विटा लपवल्या ना काही सांगितलं. फक्त म्हणाले, “सुधीर, जरा बाजूने ये, वाऱ्याने हलतं.” कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी मात्र लाजेने आतल्या खोलीत जाऊन बसली होती.

घर सुबक होतं. पण त्याला दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, छप्पर नव्हतं. जिथे दार हवं तिथे बरोबर दाराएवढं भोक, खिडकीच्या जागी खिडकीएवढं.

“याची दारं हो?”

“धाकट्याकडे आहेत,” अण्णा म्हणाले, आणि पुढची वीट उचलली.

इथपासून पुढची दहा-बारा वर्षं त्यांचा हा उद्योग चालला. रोज संध्याकाळी तासभर. त्या विटांतून त्यांनी काय काय बांधलं! कधी बंगला, कधी बैठी चाळ, कधी आमचा कारखाना. पण काहीही बांधलं तरी दारा-खिडक्यांची भोकं राहायची. मग आठवड्याने सगळं सोडवायचं आणि पहिलं दुमजली घर पुन्हा. लहानपणी या विटांच्या मूळ डब्याच्या झाकणावर त्या घराचं चित्र होतं. ते दोघं भाऊ पावसाळ्यात ओटीवर बसून तेच बांधायचे. शांताराम भिंती रचायचा आणि नारायण दारं-खिडक्या लावायचा. कामाची वाटणी तेव्हाच होऊन गेली होती, असं अण्णा एकदा हसून म्हणाले. अण्णांना हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

नव्याण्णव साली कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि अण्णा गेले. दोन वर्षांनी कारखानाच बंद झाला, ती गोष्ट वेगळी. निरोपाला खात्यातल्या पोरांनी वर्गणी काढून काय आणावं? मेन रोडवरच्या दुकानातून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा भलामोठा नवा संच. त्यात दारं, खिडक्या, कौलं, कुंपण, झाडंसुद्धा. कल्पना माझी. वाटलं, अण्णांची हौस एकदाची पुरी होईल. समारंभात अण्णांनी तो हातात घेतला, आभार मानले. मी स्कूटरवर त्यांना घरी सोडायला गेलो. फाटकापाशीच त्यांनी तो डबा शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकला. तीही बिचारी बघत राहिली.

माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. आत नेऊन बसवलं, वहिनींना चहा टाकायला सांगितलं आणि म्हणाले, “तू वाईट वाटून घेऊ नको. मापात बसत नाही ते. आणि बसलं असतं तरी काय? दारं आहेत रे त्याच्याकडे.”

त्या दिवशी त्यांनी मला वाटणीची गोष्ट सांगितली.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी दोघा भावांची वाटणी झाली. नारायण शेती बघत होता, अण्णा नोकरीला. भांडण कसलंही नव्हतं. भांडण होऊ नये म्हणूनच वाटणी करून घ्यायची, असं अण्णांच्या मनात. त्यांच्याकडे रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागाच राहत नाही. अण्णा कारखान्यातून रजा टाकून गावी गेले ते लांब टेप आणि वही घेऊन. तीन दिवस मोजत होते. जमीन, गोठा, विहिरीच्या पाळ्या इथवर ठीक होतं. पण त्यांनी दोरखंड मोजले, घमेली मोजली, विळे मोजले. विळे विषम निघाले तेव्हा एक विळा एका वाट्यात आणि त्याच्या बदल्यात पाजवायचा दगड दुसऱ्या वाट्यात. इंचाचाही फरक नको. धाकट्याला उद्या वाटायला नको, की दादाने फसवलं.

तिसऱ्या दिवशी नारायण गोठ्याच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “दादा, आजून काय ऱ्हायलं मोजायचं?”

“आणि तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“वही उघडून बघितली,” अण्णा म्हणाले. “इटांचा डबा राहिला होता.”

ते थट्टा करत नव्हते. थट्टा त्यांना येतच नव्हती.

तो डबा त्यांनी पंचांसमोर उघडला आणि त्याचेही दोन वाटे पाडले. एका वाट्यात सगळ्या विटा. दुसऱ्यात मूळ डबा आणि त्यात सगळी दारं, सगळ्या खिडक्या, छपराचे तुकडे. हिरव्या रंगाची होती म्हणे ती. नारायणने खाली वाकून दारं-खिडक्यांचा वाटा उचलला, आणि त्या दिवसापासून भावाच्या घरी आला नाही.

“पण अण्णा, सरळ निम्म्या-निम्म्या करायच्या ना. सगळं मोजलंत, तेवढंच का असं?”

“निम्मं केलं असतं तर दोघांचंही अर्धं अर्धं घर झालं असतं,” ते म्हणाले. “मग कशाला कोण कुणाकडे जाईल? असं केल्यावर एकाला दुसऱ्याकडे यावंच लागतं. पोरंबाळं झाली, सण आला, की तो दारं घेऊन येईल. दोघं मिळून लावू.”

“हे तुम्ही त्यांना सांगितलंत?”

“सांगायचं काय त्यात? दिसतच होतं की.”

आतून वहिनी कपबशा घेऊन आल्या आणि ठेवून गेल्या. त्यांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. मी चहा कसा प्यायलो मला आठवत नाही. या माणसाला एकच गोष्ट हवी होती. धाकट्या भावाने एकदा आपल्या घरी यावं. त्यासाठी त्याने जगातला सगळ्यात वेडा सापळा लावला होता आणि वीस वर्षं तो वाट बघत होता. स्वतः का जात नव्हते? तर विटा जास्त होत्या, दारं कमी. मोठा पार्ट जागेवर राहतो.

दोन हजार तीन सालच्या सप्टेंबरात वहिनींनी मला भाजीबाजारात गाठलं. “भाऊजी, तुम्ही एकदा नारायणरावांकडे जाऊन या. ह्यांना सांगू नका. आता रात्री झोपेतसुद्धा बोटं हलवत असतात.” एरवी कधीही कुणाकडे काही न मागणारी बाई. मी पुढच्याच रविवारी स्कूटर काढली.

दिंडोरीच्या पुढे, कादवा नदीच्या काठाने आत, द्राक्षाच्या बागा सुरू झाल्या. नारायणराव बागेतच भेटले. हात फवारणीच्या मोरचुदाने हिरवट निळे झालेले. उंची कमी, पण कान तेच, केसांच्या झुबक्यासकट. मी नाव सांगितलं, कुणाकडून आलो ते सांगितलं. त्यांनी आधी हात धुतले, मग खाट टाकायला लावली, मग विचारलं, “कसा हाय त्यो?”

“बरे आहेत. विटा जोडत असतात.”

ते मोठ्याने हसले. “इटा? आजून हायेत त्या?” मग हसू गेलं. “मपल्याकडच्या तव्हाच गेल्या. वाटनीच्या दिशी सांजचंच उकिरड्यात फेकून दिल्या. मंग खतासंगं शेतात गेल्या. आजूनबी नांगरताना येखांदी निघती, हिरवी.”

त्यांनाच बोलावंसं वाटत होतं.

“तुमी सायब हाय, तुमाला सांगतो. तीन दीस त्यो मोजत व्हता. मी बघत व्हतो. मला वाटायचं, येकदा तरी म्हनंल, नाऱ्या, ऱ्हाऊ दे समदं तुझ्याकडं, मी नाशकात हाय. मी काय समदं ठुलं आसतं व्हय? मीच आर्धं दिलं आसतं. पन म्हनायचं तरी! इळ्याला बदली दगूड ठुला त्यानं. मी काय परका व्हतो?” ते जमिनीकडे बघत होते. “आन शेवटाला इटा बी आशा वाटल्या, का कुनाचंच घर होऊ नी. मला नाय तं नाय, तुलाबी नाय. इतकं कुनी भावाचं वंगाळ चिंततं का?”

हेच ऐकायला मी आलो होतो की काय असं मला वाटलं. मी घाईघाईने सांगायला लागलो, की नाही हो, त्यांच्या मनात उलटंच होतं, तुम्ही यावं म्हणून त्यांनी… नारायणराव ऐकत होते. विश्वास बसला की नाही ते कळेना. शेवटी म्हणाले, “आसंलबी. त्याचं डोकं लहानपनापासून तसंच.” आणि निघताना टोमॅटोची पिशवी भरून दिली. “वहिनीला द्या. आन त्याला यायचं आसंल तर येऊ द्या म्हनावं. थोरला हाय. मी काय हाकलून देनार हाय का?”

सगळ्या रस्त्याने मी खूश होतो. ‘येऊ द्या’ म्हणाले, म्हणजे काम झालं की! आणि सातपूरला पोचलो तर अण्णा फाटकाशी उभे. वहिनींनी न राहवून सांगून टाकलं होतं. त्यांनी पिशवी घेतली, आतला एक टोमॅटो काढून त्यावरून अंगठा फिरवला आणि एकच विचारलं.

“डबा आहे ना त्याच्याकडे?”

उकिरड्याची गोष्ट माझ्या जिभेवर होती. पण तो चेहरा. अट्ठावन्न वर्षांच्या माणसाचा तो चेहरा मला मोडवला नाही. दुसरं काही कारण नाही, आणि आज मी शोधतही नाही.

“आहे,” मी म्हणालो.

“दाखवला?”

“माळ्यावर आहे म्हणाले. सवड झाली की घेऊन येतो म्हणाले.”

‘येऊ द्या’ हा निरोप मी दिलाच नाही. वाटलं, एकाने म्हणायचं तू ये, दुसऱ्याने म्हणायचं तू ये, पुन्हा मानापमान सुरू. त्यापेक्षा तो येतो म्हटलेलं बरं. नारायणरावांना मी पुन्हा जाऊन गळ घालीन, गाडीत घालून आणीन, असं मनाशी ठरवलं होतं. खोटं बोलणारा प्रत्येक माणूस असं काहीतरी ठरवतोच.

अण्णांनी त्या रात्री दोनदा पोळी वाढून घेतली, असं वहिनी म्हणाल्या.

मग ते वाट बघायला लागले. दुमजली घर त्यांनी एका फळीवर पक्कं उभं केलं आणि नंतर ते कधी सोडवलं नाही. हॉलमधला दिवाण हलवून दोन माणसांना समोरासमोर मांडी घालता येईल एवढी जागा केली. रविवारी बाहेर जाणं बंद. लग्नं टाळली, मुलीच्या घरी पुण्याला जाणं टाळलं. मी भेटलो की विचारत, “काही निरोप?” आणि मी द्राक्षांचं वेळापत्रक सांगत सुटायचो. ऑक्टोबर, म्हणजे गोडी छाटणी चाललीय. मग बागेवर डावणी रोग पडलाय, फवारणीतून डोकं वर काढायला फुरसत नाही. मग माल काढणीला आला. एप्रिलात खरड छाटणी. द्राक्षवाल्याला वर्षभर उसंत नसते, ही एक सोय माझ्या कामी आली. शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे अण्णांना ते सगळं खरंच वाटे. “बरोबर आहे. बाग टाकून कसा येईल?” ते मलाच समजावत.

अशी जवळजवळ दोन वर्षं. मी दिंडोरीला पुन्हा गेलो का? नाही गेलो. नवी नोकरी अंबडला होती, मुलीची बारावी होती, स्कूटर नादुरुस्त होती. माणसाला कारणं कमी पडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नारायणराव नाही म्हणाले तर? त्यांचं नाही येईपर्यंत माझं खोटं जिवंत राहत होतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि त्याच आठवड्यात नारायणराव बागेत खाली बसले ते उठले नाहीत. हृदयविकाराचा झटका. अण्णांना ते तिसऱ्या दिवशी कळलं. तेही भाजीबाजारात, त्यांच्या गावाकडची एक बाई मेथी मोजता मोजता वहिनींना म्हणाली, “तुमचे दीर गेले ना, लय वंगाळ झालं.” तिला वाटलं, यांना ठाऊकच असेल. पुतण्याने त्याच दिवशी फोन केला होता. पण त्याच्याकडे जो नंबर होता तो वाटणीच्या वेळी वहीत लिहून दिलेला, कारखान्याचा. बंद पडलेल्या कारखान्यात फोन उचलायला कोण होतं?

मी त्यांच्या घरी गेलो नाही. रोज निघायचो आणि कोपऱ्यावरून परत यायचो. दहाव्याच्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन आला. “एकटेच निघालेत दशक्रियेला. मला नको म्हणाले. तेवढं गाडीत बसवून द्या हो.”

जुन्या सीबीएस बसस्टँडवर वणीची गाडी लागलेली होती. अण्णा खिडकीशी बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. मी आत चढलो आणि त्यांच्याजवळ उभा राहिलो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “बस.” मी बसलो. बाहेर कंडक्टर चहा पीत होता.

“सुधीर, तू गेलास त्या दिवशी तो खरं काय म्हणाला?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तीन दिवस मोजणं, विळ्याच्या बदल्यात दगड, कुणाचंच घर होऊ नये म्हणून वाटलेल्या विटा. उकिरडा. खत. आणि शेवटी ‘येऊ द्या, थोरला हाय’ तेही सांगितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, डब्याचं दुःख असेल. इतकं मूर्खासारखं मला वाटलं.

“मी त्याच आठवड्यात निघणार होतो रे,” अण्णा म्हणाले. “तू संध्याकाळी आलास त्याच्या आधीच मी पिशवी भरून ठेवली होती. वहिनीला विचार. तू त्याच्याकडे गेलायस हे कळल्यावर मला बसवेना. पण तू म्हणालास, तो येतोय. म्हणून थांबलो. म्हटलं, मी इकडून जायचो आणि तो तिकडून निघालेला असायचा. चुकामूक व्हायची.”

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

“अण्णा, मी येतो तुमच्याबरोबर.”

“नको,” ते म्हणाले. “तू नको येऊस.”

ते रागाने म्हणाले असते तर मी आज हे लिहिलं नसतं. पुढेही ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. रस्त्यात भेटले की थांबत, मुलीचं विचारत. पण त्या घरी जायची हिंमत मला झाली नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही. अण्णा म्हटलं की मला त्यांचा तो खिडकीतला चेहराच आठवतो.

मी खाली उतरून खिडकीखाली उभा राहिलो. गाडी भरत आली होती. टोपी घातलेला एक म्हातारा गाठोडं घेऊन आत आला आणि अण्णांच्या शेजारच्या, मी सोडलेल्या जागेकडे बोट करून म्हणाला, “हितं कोन येनार हाय का?”

अण्णांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

“नाही,” ते म्हणाले. “कुणी येणार नाही. बसा.”